टपावरचे टमाटे

लुंबिनी काय शिकते असं नायगावात कुणाला विचारलं, तर माणूस आधी हसायचा आणि मग सांगायचा. एलएलएम करते, इथवर ठीक होतं. पण विषय कुठला, तर जहाजांचा कायदा! "आपल्याकडं बादली बुडायला पाणी न्हाई, अन् ही जहाजं बुडवायला निघाली," असं चहाच्या टपरीवर बोललं जायचं. वडील धम्मानंद तहसिलात कारकून. लेकीनं न्यायाधीशाची परीक्षा द्यावी असं त्यांना फार वाटे, पण लेकीपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

लुंबिनीला हा विषय मनापासून आवडला होता. वादळात सापडलेलं जहाज वाचवायला कप्तानानं काही माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान एकट्या मालवाल्यानं का सोसायचं? जहाज वाचलं, बाकीच्यांचा माल वाचला, मग सगळ्यांनीच थोडं थोडं सोसावं. या नियमाला जनरल ॲव्हरेज म्हणतात. त्यावर तिनं नांदेडच्या कॉलेजात बसून दीडशे पानांचा प्रबंध लिहिला होता, तोही एकसुद्धा जहाज डोळ्यानं न पाहता.

आता उरली होती फक्त तोंडी परीक्षा. केंद्र लातूरला, वेळ अकराची. परीक्षक मुंबईहून त्या एका दिवसापुरते येणार होते. हुकली की अख्खं वर्ष गेलं. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळची एसटी आली नाही. तासभर वाट पाहून लुंबिनी रडकुंडीला आली, तेवढ्यात शेजारचे भगवानराव आपला पिकअप घेऊन आले. ते गावचा भाजीपाला लातूरच्या सौद्याला नेत.

"बस पोरी, साडेधाला सोडतो तुला."

केबिनमध्ये आधीच कस्तुराबाई बसलेल्या होत्या. त्यांच्या टमाट्याची वीस कॅरेटं, दहा केबिनच्या टपावर आणि दहा मागे हौद्यात सगळ्यात वर, रचून बांधलेली होती. मागे गुंडप्पाचा कांदा आणि केरबाची वांगी, आणि त्या पोत्यांवर बसलेले ते दोघं. गुंडप्पा मूळचा देगलूरकडचा, त्यामुळे दर दोन वाक्यांमागे त्याचं एक "अय्यो" असायचं.

मुखेडच्या पुढे एका पुलाचं काम चालू होतं. गाड्या बाजूनं ओढ्यात उतरवलेल्या कच्च्या रस्त्यानं जात होत्या, आणि रात्री परतीचा पाऊस झोडपून गेला होता. मध्यावर आल्यावर पिकअपचं डावं चाक चिखलात रुतलं आणि गाडी ओढ्याच्या अंगाला कलली. पाणी वाढतच होतं. सगळे खाली उतरले तरी गाडी सरळ होईना.

"वरचं वजन काढा! टपावरचे टमाटे फेका!" भगवानराव ओरडले.

केरबा वर चढला आणि त्यानं दहा कॅरेटं धडाधड पाण्यात सोडली. टपावरचा भार गेला तशी गाडी हलली, सगळ्यांनी जोर लावला, आणि पिकअप गुरगुरत पलीकडे चढला. ओढ्यात लालबुंद टमाटे रांगेनं वाहत चालले होते. कस्तुराबाईंनी ते शेवटच्या टमाट्यापर्यंत पाहिले. मग त्या शांतपणे चालत आल्या आणि पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसल्या.

"माझेच टमाटे का? आता न्याय केल्याबिगर गाडी हालनार न्हाई."

"वर व्हते म्हणून फेकले, आक्का," गुंडप्पा म्हणाला. "ज्याचं गेलं त्याचं गेलं. अय्यो, नशिबाची गोष्ट हाय."

"तुझा कांदा फेकला असता तर नशीब म्हणाला असतास का रे?"

भगवानरावांनी विनवलं, केरबानं हात जोडले. कस्तुराबाई हलतील तर शपथ. नऊ वाजून गेले होते. एवढ्यात अहमदपूरकडे निघालेला एक ओळखीचा मास्तर मोटारसायकलवर आला आणि लुंबिनीला म्हणाला, "चल, सोडतो. तिथून लातूरला गाड्याच गाड्या हायेत." लुंबिनीनं पिशवी खांद्याला अडकवली, पायदानावर पाय ठेवला.

"ज्याचं गेलं त्याचं गेलं," गुंडप्पा पुन्हा म्हणाला.

लुंबिनीचा पाय खाली आला. हेच वाक्य खोडायला तिनं दीडशे पानं खर्ची घातली होती. ती पानं घेऊन लातूरला पळायचं आणि इथं या बाईला चिखलात बसलेलं सोडायचं, याची तिला मनापासून लाज वाटली. मास्तरला तिनं पुढे जायला सांगितलं.

"गुंडप्पाकाका, टमाटे फेकले नसते तर तुमचा कांदा आत्ता कुठं असता?"

गुंडप्पानं ओढ्याकडे पाहिलं. "व्हय, तिथंच की."

"अन् केरबादादा, वांगी?"

"तिथंच."

"मग मावशीच्या टमाट्यानं सगळ्यांचा माल वाचवला. नुकसान सगळ्यांचं. मावशीची निम्मी कॅरेटं वाचली, म्हणून तिनंही थोडं सोसायचं. पण एकटीनं न्हाई."

"अन् गाडी?" केरबानं विचारलं. "गाडी बी वाचली की!"

सगळे भगवानरावांकडे वळले. "आरं, मी तर निस्ता गाडी चालवनारा!" ते म्हणाले, पण लुंबिनीनं सांगितलं, कायद्यात जहाजाचा मालकही सुटत नाही. भगवानरावांनी डोकं खाजवलं आणि कस्तुराबाईंचं आजचं आणि पुढच्या दोन खेपांचं भाडं माफ केलं. केरबानं वांग्यांचं एक पोतं त्यांच्या नावानं बाजूला काढलं. मग गुंडप्पानं दोन पोती कांदा दिला आणि वर एक तिसरंही ढकललं. "घे आक्का. मघाशी तोंडाला येईल ते बोललो मी."

कस्तुराबाई उठल्या. लुगडं झटकलं आणि लुंबिनीला म्हणाल्या, "तुला उशीर झाला न गं माझ्यापायी?"

झाला होताच. लुंबिनी लातूरच्या केंद्रावर पोचली तेव्हा बारा वाजले होते आणि सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती. परीक्षक बॅग आवरून दारातच उभे होते. आयुष्याची पंचवीस वर्षं जहाजावर कप्तान म्हणून काढलेला, नंतर वकील झालेला उंच, करडा माणूस. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग चिखलाकडे.

"कारण खरं असेल तर दहा मिनिटं देतो."

लुंबिनीनं खरं तेच सांगितलं, ओढ्यापासून तिसऱ्या पोत्यापर्यंत. ऐकता ऐकता कप्तानसाहेबांनी बॅग खाली ठेवली आणि ते खुर्चीत बसले. चेहरा मात्र कठोरच होता.

"तुमचा निवाडा चुकला. माल टपावर होता, म्हणजे जहाजाच्या भाषेत डेकवर, उघड्यावर. डेकवरचा माल फेकला तर भरपाई मिळत नाही. नियम माहीत नाही?"

नियम लुंबिनीला पाठ होता, पण ओढ्याकाठी तो आठवलाच नव्हता. म्हणजे गुंडप्पाची तीन पोती तिनं बेकायदा वाटली? तिनं डोळे मिटून नियमाची ओळ पुन्हा शेवटपर्यंत म्हटली, आणि शेवटाशी थांबली.

"मिळत नाही सर, पण त्या व्यापारात माल डेकवर न्यायची मान्य रीत असेल तर मिळते. आमच्याकडं टमाटे टपावरच जातात. कांद्याखाली घातले तर लातूरला चटणीच पोचेल. नायगावपासून लातूरपर्यंत कुठल्याही गाडीवाल्याला विचारा."

कप्तानसाहेब पहिल्यांदा हसले. "नियमाचा पुढचा अर्धा भाग मला फार कमी जण सांगतात." मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "लंडनच्या वकिलांना अशा एका वाटणीला चार-चार वर्षं लागतात. तुम्हाला किती लागली?"

"पाऊण तास, सर," लुंबिनी म्हणाली. "म्हणून तर उशीर झाला."