भट्टी हाक मारत नाही

फिदेन्सियो भट्टीतून पावांची तिसरी खेप काढत होता, तेव्हा गावच्या कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं गेलं. एरवी कर्ण्यावर कुणाची शेळी चुकली, कुणाकडे डुक्कर कापलंय, असलं काही सांगत. त्या दिवशी नाव दोनदा आलं आणि कर्णा गप्प झाला. त्यानं पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं आणि पिठाच्या हातांनीच तो पंचायतीत गेला.

तिथे चिखलानं माखलेले पाच जण उभे होते. डोंगराची कड अँटेनासकट खाली आली होती. त्याची बायको ओलिवा तारेत शिरलेलं पाणी काढायला सकाळीच वर गेली होती. ती तिसऱ्या दिवशी सापडली. पकडीची पिशवी खांद्यालाच होती. फोन तेवढा सापडला नाही.

गावाचं नेटवर्क सांभाळायचं काम सभेनं ओलिवाला वर्षभरासाठी दिलं होतं. असं काम करणारं माणूस मधेच गेलं, तर उरलेले महिने घरानं भरायचे, ही तिथली रीत. घरात उरला होता एकटा फिदेन्सियो. सरपंच एपिफानियो हे सांगायला आला तेव्हा टोपी हातात फिरवत राहिला. फिदेन्सियो म्हणाला, शिकतो.

शाळेतली होविताबाई दुपारी त्याला शिकवू लागली. पंचायतीच्या मागच्या खोलीत टेबलावर एक खोका घरघरत असायचा.

"काका, तुम्ही कधी कुणाच्या दारात जाऊन पाव घ्या म्हणालात?"

"मी कशाला जाऊ? ज्याला हवा तो येतो."

"मग झालं तर. हा सर्व्हर म्हणजे तुमची भट्टी. स्वतःहून कुणाला हाक मारत नाही. गावातले फोन ही गिऱ्हाइकं. ती मागतात, हा देतो."

"आणि भट्टी विझली तर?"

"तर सगळं गाव तुमच्या नावानं शिव्या घालतं. ओलिवाकाकूनं किती खाल्ल्या, विचारा तिला..."

होवितानं वाक्य तोडलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

पुढचं त्याला पटकन कळलं. पडद्यावर नावांची यादी होती आणि ज्याचा फोन काही मागत असेल त्याच्या नावापुढे आकडा. विचारल्यापासून उत्तर पोचेपर्यंत लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला. पंचायतीजवळच्या घरांपुढे चार, पाच. घळीपलीकडच्यांपुढे चाळीस, कारण मागणं दोन अँटेनांवरून उड्या मारत यायचं. सगळे एकदम मागायला लागले की सगळ्यांचेच आकडे वाढायचे. सणाच्या आदल्या दिवशी त्याच्याही दारात असंच व्हायचं. भट्टी तीच, पण चाळिसावी बाई ताटकळायची.

खोक्यात साठच नावं मावत. एपिफानियोची नवी सून जागेसाठी थांबली होती. मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात त्या सणाआधी ओलिवाचं नाव खोडायचं, असं ठरलं. कसं खोडायचं तेही होवितानं दाखवलं. नावावर बोट ठेवायचं आणि हो म्हणायचं. एका दुपारी बाराला त्यानं बोट ठेवलं, पण हो म्हणायच्या आत नावापुढे आकडा दिसला. नऊशे.

दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला आठशे साठ. मग आठशे दहा.

होविता म्हणाली की फोन कुणा गुराख्याला सापडला असेल. चार्ज कुठे करतो म्हणून त्यानं विचारलं, तर ती पडद्यावरचा आकडा पुन्हा बघायला लागली. मग तिनं सांगितलं की आकडा म्हणजे अंतर नव्हे, गर्दीनं वाढतो, सिग्नल कच्चा असला की वाढतो. फिदेन्सियोनं मान हलवली. रोज बाराला तो खोलीत येऊन बसू लागला. गर्दी असो, पाऊस असो, तो आकडा उतरतच होता. पाचशे. दोनशे तीस. ऑक्टोबर सरता सरता चाळीस, म्हणजे घळीपलीकडे. नाव खोडलंस का, असं एपिफानियोनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो उद्या म्हणाला.

दिवसा हे आणि पहाटेपासून भट्टी. सणाच्या पावावर कणकेचा छोटा रंगवलेला चेहरा बसवतात आणि खाली मेलेल्याचं नाव. कुणाला कोणत्या नावाचे पाव हवेत ते लिहायला ओलिवानं नेटवर्कवर एक पान करून ठेवलं होतं. यंदा त्यावर एकशे सतरा नावं आली. ओलिवाचं नव्हतं. शेजारीण तोमासानं त्याला बजावलं होतं.

"वर्ष झालं नाही की यायची परवानगी नसते रे. नवी माणसं तिकडे बाकीच्यांची ओझी उचलतात. तिचं ताट मांडू नको, उगाच तळमळेल."

त्यानं मांडलं नाही. तिकडचे नियम बायकांना ठाऊक, असं त्याला वाटायचं.

एक नोव्हेंबरला बाराला देवळाच्या घंटा सुरू झाल्या. मेलेली माणसं याच वेळी गावात शिरतात. गल्लीपासून प्रत्येक उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट होती आणि माणसं फोन बाजूला ठेवून घरोघरी दाराशी थांबली होती. त्यामुळे कुणाच्याच फोनपुढे आकडा नव्हता. फक्त एकापुढे होता.

एक.

असा आकडा त्यानं आजवर खोक्याला तारेनं जोडलेल्या टेबलावरच्या यंत्रापुढेच पाहिला होता. दार त्याच्या पाठीशी होतं, उघडं. तो वळला नाही.

गिऱ्हाइकानं काय मागितलं ते कुठे बघायचं, हे होवितानं शिकवलं होतं, पण इतके दिवस त्याचं बोट तिथे गेलं नव्हतं. आज त्यानं ते उघडलं. नऊशेच्या दिवसापासून ओलिवाच्या फोननं रोज एकच पान मागितलं होतं. पावांची यादी. सर्व्हरनं ती रोज दिली होती. आजही दिली. मिनिटाभरात पुन्हा तीच मागणी आली. मग पुन्हा.

फिदेन्सियोनं स्वतः ते पान उघडलं आणि बोट लावत, ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचलं. एकशे सतरा, आणि त्यात तिचं नाही. वाचत असताना मागणं थांबलं होतं. शेवटच्या नावाखाली बोट टेकलं तसं ते पुन्हा आलं.

तो घरी गेला. वाटेत कुणी त्याला हाक मारली नाही. त्याच्या उंबऱ्यापाशी पाकळ्या नव्हत्या, कारण टाकल्याच नव्हत्या. राख सकाळीच काढून भट्टी थंड केली होती. गोणीच्या तळाशी एका पावापुरतं पीठ होतं. ते त्यानं परातीत घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागला. कणिक फुगायला दोन तास, भट्टी तापायला तीन. खोक्यातलं नाव अजून खोडायचं राहिलं होतं, आणि ओलिवाचा पाव भाजायचा राहिला होता.