फेट्यातल्या डॉक्टरचं पोस्टर

आमचं पशुवैद्य नोंदणी मंडळ बेळगावात दोन खोल्यांत भरायचं आणि मी त्याचा प्रसिद्धी प्रमुख होतो. हाताखाली कुणी नाही असा प्रमुख. जनावरांचा डॉक्टर म्हणून कुणी काम करावं आणि कुणी करू नये हे मंडळ ठरवणार, आणि ठरलेलं मी लोकांना कळवणार. पंच्याऐंशी सालापर्यंत कळवण्यासारखं काही घडलंच नाही. तक्रार यायची, चौकशी व्हायची, चहा व्हायचा आणि डॉक्टर महाशय सुटायचे.

मग तानीबाई आली. गुंजीच्या पलीकडल्या एका गावातली ही एकटी बाई. तिथल्या डॉ. मारुतीरावांनी घटसर्पाची लस म्हणून तिच्या म्हशीला साधं पाणी टोचलं आणि म्हैस मेली. बाईनं गोठ्यात पडलेली बाटली पदरात बांधून थेट मंडळात आणली. तपासणीत पाणीच निघालं, त्यामुळे मंडळाचा नाइलाज झाला आणि मारुतीरावांची नोंदणी रद्द झाली.

पण गावाला हे सांगायचं कुणी? मारुतीराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. अशा देवमाणसावर आळ घेतला म्हणून लोकांनी तानीबाईशी बोलणं टाकलं होतं. शेजारीण विरजणसुद्धा देईना.

"सायब, मला म्हस भरून देऊ नगासा," ती मला म्हणाली. "मी खोटी न्हाय एवढं गावाला कळू दे, लई झालं."

मी शब्द दिला आणि झटकन मराठीत चार ओळींचं पोस्टर लिहिलं. अध्यक्षांनी ते बाजूला सारलं. सरकारी पोस्टर म्हणजे कन्नडच, म्हणाले. मी सांगून पाहिलं की साहेब, तिकडची माणसं कन्नड फाडफाड बोलतात, पण शाळा मराठी असल्यानं वाचता कुणाला येत नाही. अध्यक्षांनी विचार केला. असा प्रसंग क्वचितच यायचा.

"मग फोटो टाका," ते म्हणाले. "फोटोला भाषा लागत नाही."

आमच्याकडे मारुतीरावांचा फोटो एकच होता. मागे मंडळानंच त्यांचा सत्कार केला होता, तेव्हाचा. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. हा फोटो नको म्हणून मी अध्यक्षांच्या अक्षरशः हातापाया पडलो.

"पण माणूस तोच आहे ना?" त्यांनी विचारलं. तोच होता, त्यामुळे तोच फोटो छापला गेला.

पोस्टर गावाच्या चावडीवर लागलं. आता आमच्या सीमाभागात कन्नड अक्षर दिसलं की त्याला डांबर फासायचं, हे सणवारासारखं ठरलेलं. गावच्या कार्यकर्त्यांनी ते कर्तव्य चोख बजावलं. एक अक्षर सोडलं नाही. फक्त आपल्या डॉक्टरांच्या फोटोवर डांबराचा थेंबही उडू नये म्हणून त्यांनी त्यावर केळीचं पान धरलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटोला झेंडूची माळ घातली. सरकारनं आपला गौरव केलाय, असं मारुतीराव स्वतःच सांगत सुटले आणि लोकांनी ते डोळे मिटून मानलं.

मी अध्यक्षांना हे कळवलं.

"माळ घातली?" ते खूश झाले. "म्हणजे पोस्टर पोचलं!"

दोन्हीकडच्या भाषाभिमानाला मनातल्या मनात शिव्या हासडत मी जागेवर येऊन बसलो, तर समोर तानीबाई उभी.

"चांगला शब्द पाळलासा सायब," ती म्हणाली. "आता माणसं शेळ्यासुदिक त्येच्याकडंच न्हेत्यात."

ती परत गेली आणि चावडीमागं उरलेलं डांबर घेऊन भर बाजारच्या दिवशी, सगळ्यांदेखत, तिनं मारुतीरावांचा फोटो फेट्यासकट काळा केला. अक्षरं पुसणाऱ्यांना आजवर कुणी हात लावला नव्हता. तानीबाईवर मात्र सरकारी पोस्टरची नासधूस केल्याची पोलिसांत तक्रार झाली, आणि ती केली स्वतः मारुतीरावांनी. मंडळाच्या वतीनं मला गावात हजर राहायचा हुकूम झाला.

चावडीसमोर सारं गाव जमलेलं. तानीबाई जमिनीवर बसलेली, मारुतीराव खुर्चीत. हवालदार पंचनामा लिहायला बसला आणि अडला. "नुकसान कशाचं झालं ते लिहावं लागतं. पोस्टरवर काय होतं?"

भिंतीवर नुसतं डांबर. मी पिशवीतून त्याच पोस्टरची डांबर न लागलेली प्रत काढून त्याच्या हातात दिलं. आयुष्यात एवढ्या खुशीत मी दुसरं सरकारी काम केलं नाही.

"वाचायची काय गरज आहे?" मारुतीराव घाईनं म्हणाले. "पोस्टर एक, एवढंच लिवा की!"

"वरून साहेब विचारतात. शब्दन् शब्द लागतो," हवालदार म्हणाला आणि लिहिता लिहिता खणखणीत कन्नडमध्ये वाचू लागला. या इसमानं लशीऐवजी पाणी टोचल्याचं सिद्ध झालं आहे. याची नोंदणी रद्द झाली आहे. याच्याकडून जनावरांवर उपचार करून घेऊ नयेत.

ऐकलेलं कन्नड गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेजारीण तानीबाईकडं बघेना. पंच म्हणून सही करणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मारुतीराव खुर्चीतून उठले, पण वाट द्यायला कुणी सरकलं नाही.

तानीबाईनं पदर सावरला, मागं भिंतीपर्यंत उभ्या असलेल्या माणसांवर नजर फिरवली आणि म्हणाली, "हवालदार, म्हागल्यास्नी ऐकू आलं न्हाय. पुन्यांदा वाचा की वो."