सुरेखाची बोट आणि आप्पांचा नारळ

दिंद्रुडच्या बिभीषणला जगातली कुठलीही वस्तू ट्रॉलीच वाटायची. ऊसतोडीच्या ट्रॉल्या रंगवण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो फुकट वाटत फिरायचा. त्यामुळे अजिनाथनं जुनी फायबरची बोट दुरुस्तीला काढली, तेव्हा बायकोला न विचारता यालाच बोलावलं. सुरेखानं आधी बोटीकडं बघितलं, मग बिभीषणकडं. दोघांत जास्त गळकं कोण, हे तिला ठरवता येईना.

बोट तीन वर्षं अंगणात पालथी पडलेली. अजिनाथनं ती हौसेनं विकत आणली, पहिल्याच फेरीत दगडावर घालून तळाला भोक पाडलं, आणि तेव्हापासून तिच्याखाली शेळ्या नांदत होत्या. शेळ्यांची काही तक्रार नव्हती. पण यंदा धरणावरच्या मच्छीमार सोसायटीनं निरोप धाडला: शनिवारी पाहणी, ज्याची बोट धड असेल त्याचंच नाव राहील. नाव राहिलं तर मासे धरून घरी राहता येणार होतं. गेलं तर दरसालाप्रमाणे दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला, आणि नऊ वर्षांची रोहिणी सहा महिने आजोबांपाशी.

आजोबा म्हणजे आप्पा, सुरेखाचे सासरे. माणूस लाखमोलाचा, पण भाकरीच्या नावानं ठणठण गोपाळ. गेल्या साली रोहिणीनं फोनवर विचारलं होतं, "आई, भाकर एकाच टायमाला कच्ची आन करपल्याली कशी व्हती गं?" सुरेखा हसली, फोन ठेवला आणि उसाच्या फडात बसून पोटभर रडली. पुढल्या वर्षी यायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं होतं.

बिभीषणनं बुधवारी बोट घासायला मशीन लावलं. फायबरची भुकटी वाऱ्यावर चढली आणि शेजारच्या हनुमानच्या अंगणात, त्याच्या मुलाच्या साखरपुड्यात उतरली. काचेचीच भुकटी ती. आधी नवरदेव खाजवायला लागला. पोराला काही रोगबिग आहे की काय, म्हणून मुलीकडचे एकमेकांकडं बघायला लागले; पाच मिनिटांत त्यांनाही खाज सुटली, म्हणून सोयरीक टिकली. हनुमान भांडायला आला खरा, पण त्याचे दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले असल्यानं भांडणाला काही जोर चढला नाही.

गुरुवारी भोक बुजवायचं होतं. परळीहून आणलेल्या केमिकलमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर मोजून घालायचं आणि उन्हाच्या वेळी कमी घालायचं, असं दुकानदारानं दोनदा बजावलं होतं. बिभीषणनं भर दुपारी बादली पुढ्यात घेतली.

"भावजी, मोजा की," सुरेखा म्हणाली.

"वैनी, मी ट्रॉलीच्या रंगात थिनर कदी मोजून घातलं न्हाई," बिभीषण म्हणाला आणि धार धरली.

बादलीतून धूर निघाला. बघता बघता केमिकल, बादली आणि ब्रश यांचा एक जीव झाला. बिभीषणनं ब्रश ओढला तर अख्खी बादली वर उचलली गेली.

"आता ही ट्रॉलीला टांगा," सुरेखा म्हणाली आणि पदर खोचला. "उरल्यालं मी बघते."

शुक्रवारी उजाडताच, उन्हं तापायच्या आत, ती कामाला लागली. भज्याचं पीठ लागेल तसं कालवायचं असतं, तेवढी अक्कल तिच्यापाशी होती. जुन्या वाटीत डब्यात उरलेलं थोडंसं केमिकल, रोहिणीच्या औषधाच्या ड्रॉपरनं हार्डनरचे मोजून थेंब. भोकावर काचेच्या धाग्यांची मॅट ठेवायची, ब्रशनं चेपत हवेचे बुडबुडे काढायचे, पांढऱ्या मॅटमधून आरपार दिसायला लागलं की पुढची. असे चार थर दिले. ते वाळल्यावर अजिनाथ आणि बिभीषण यांना पॉलिश पेपर देऊन पाण्यानं घासायला बसवलं, आणि दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गुमान घासत राहिले. संध्याकाळी निळा रंग चढला. बिभीषणचा मान म्हणून नाव तेवढं त्याला घालू दिलं. त्यानं झोकात 'आई-वडिलांची पुण्याई' लिहिलं आणि हाताच्या सवयीनं मागच्या बाजूला 'अंतर ठेवा'.

शनिवारी पोरानातवांसकट निम्मं गाव धरणाच्या काठावर आलं. सोसायटीचे चेअरमन रेवणसिद्ध वही-पेन घेऊन उभे होते. बोट पाण्यात ढकलणार एवढ्यात आप्पांनी पिशवीतून नारळ काढला.

"आप्पा, दगडावर फोडा," सुरेखा घाईनं म्हणाली. "काम ताजं हाय."

"दगड का पान्यात जानार हाय?" आप्पा म्हणाले. "गाडीचा नारळ आपन कायम चाकाच्या लोखंडी धावंवर फोडलाय. वाहनाचा नारळ वाहनावरच."

आप्पांचा हात अख्ख्या गावाला ठाऊक होता. देवळात एका दणक्यात नारळाच्या चिरफळ्या करणारा माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ उगारला, तेव्हा सुरेखानं डोळे मिटले. ऊस, फड, करपलेली भाकरी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

टण्ण झालं. नारळ बोटीच्या नाकाडावरून उडाला. आप्पांनी दुसऱ्यांदा आपटला, तो चेअरमनच्या अंगठ्यावर पडला. तिसऱ्यांदा थेट पाण्यात गेला आणि तरंगत राहिला. बोटीवर नखाएवढा रंग उडाला होता, बाकी ओरखडा नव्हता.

काठावर कुजबुज सुरू झाली. नारळ न फुटणं म्हणजे अपशकुन. चेअरमननं अंगठा चोळत पेनाला टोपण लावलं. "देवाच्या मनात न्हाई. फुडल्या साली बगू."

आप्पा मटकन खाली बसले. मग मात्र सुरेखाचं डोकं फिरलं.

"चेअरमनसाहेब, बोट बगायला आलात का नारळ? ह्या हातानं नारळ फुटंना, म्हंजी बोट कच्ची का पक्की, तेवढं सांगा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुरेखा गुडघाभर पाण्यात शिरली, नारळ काढला, दगडावर ठेवला. दोर तोडायला आणलेला ऊसतोडीचा कोयता बोटीशेजारी पडला होता, तो उचलून तिनं असा घाव घातला की नारळाची दोन शकलं झाली आणि कोयता दगडावर आदळला.

"फुटला," ती म्हणाली. "आता बोट पान्यात घाला, पानी आत आलं तर मी सोता नाव खोडते."

अजिनाथ धरणात दोन फेऱ्या मारून आला. तळ कोरडा ठणठणीत. चेअरमननं वहीत नाव कायम केलं, आणि खोबऱ्याचा तुकडाही घेतला.

घरी आल्यावर शेळ्या मोकळ्या अंगणात गोंधळून उभ्या होत्या. त्यांचं छप्पर धरणावर गेलं होतं. आप्पांनी कोयता हातात घेऊन पात्यावर अंगठा फिरवला. मधोमध चांगली खाच पडली होती. दर साली घटस्थापनेला ते स्वतः बसून या कोयत्याला धार लावायचे आणि त्या दिवशी घरात कोणाशी बोलायचे नाहीत.

"धार गेली बगा, आप्पा," सुरेखा ओशाळून म्हणाली.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले आणि कोयता शेळ्यांच्या खुंट्यापाशी ठेवला. "पाला तोडाया बास हाय."