डोंगराची ओळख विसरलेलं जनुक

मी एक जुनं जनुक आहे, मित्रांनो. किती जुनं म्हणाल, तर हिमालय गुडघ्याएवढा होता तेव्हाचं. खोटं वाटलं तर कुठल्याही माशाला विचारा. त्याच्याही अंगात माझे भाऊबंद आहेत. सध्या माझा मुक्काम इंदूरजवळ राऊला, आनंदरावांच्या शरीरात आहे.

प्राणवायू विरळ झाला की शरीराला जुळवून घ्यायला लावायचं, हे माझं काम. पण मी आपल्या मर्जीने बोलत नाही. माझ्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, दाराला कडी बसावी तशा. कडी लागली की मी गप्प. सैल झाली की माझा आवाज चढतो. माझ्यात लिहिलेली डीएनएची अक्षरं मात्र तीच राहतात.

तरुणपणी आनंदराव महूहून फौजेबरोबर लडाखला गेले, तेव्हा माझ्या कड्या हळूहळू सैल झाल्या. सोबत त्यांचा दोस्त धनेश होता. पहिले काही दिवस पडून राहायचा हुकूम होता. धनेश हसला आणि चढावर पळाला. त्याच्या छातीत पाणी झालं, आणि तो गेला. पुढे आनंदराव हवालदार झाले. नवा जवान आला की बराकीच्या दारात उभं राहून त्याला दटावून निजवायचे. त्या वर्षांत माझीही चांगलीच शान होती.

मग ते घरी परतले. पोहे-जलेबी, राजवाड्याची गर्दी, पोटभर हवा. माझ्याकडे कुणाचं काम उरलं नाही. कड्या पुन्हा बसल्या, आणि मी डोंगर विसरलो.

यंदा आनंदराव नातीला, पंचशीलाला, घेऊन विमानाने थेट लेहला उतरले. धनेशच्या नावाने तिथल्या स्तूपापाशी मेणबत्ती लावायची, एवढीच इच्छा उरली होती. सामान टाकलं आणि निघाले स्तूपाच्या पायऱ्यांकडे. पंचशीलाने आधी आराम करायला सुचवलं, तर म्हणाले, "बेटा, आराम नव्या रंगरुटांना. हा पहाड मला पहचानतो."

पहाडाचं मला ठाऊक नाही, मित्रांनो. मी मात्र त्याला ओळखलं नव्हतं. सगळ्यात नवा रंगरूट मीच होतो.

थोड्याच पायऱ्यांत त्यांचं डोकं फुटू लागलं, ओकारी आली, पाय लटपटले. मी खडबडून उठत होतो, पण नुसतं उठून भागत नाही. तरी आनंदरावांनी कठडा धरून पुढची पायरी गाठली. तेव्हा पंचशीला वर जाऊन वाटेत आडवी उभी राहिली. तिने आजोबांचाच जुना आवाज काढला, "जवान, वापस. बिस्तरवर लेट जा. हवालदारसाहेबांचा हुकूम आहे."

आनंदराव त्याच पायरीवर थांबले.

"धनेशला पण मी हेच बोललो होतो," ते म्हणाले. आणि वळले.

डॉक्टरांनी प्राणवायू लावला. आनंदराव मुकाट पडून राहिले. माझ्या कड्या एकेक करून ढिल्या झाल्या. बऱ्याच दिवसांनी, डॉक्टरांच्या परवानगीने, ते बसत-उठत त्या पायऱ्या चढले आणि मेणबत्ती लागली.

आता आम्ही राऊला आहोत. कड्या पुन्हा बसू लागल्या आहेत. थोड्या दिवसांनी मी हेही विसरेन. म्हणून आत्ताच सांगतो. मित्रांनो, तुमच्याही अंगात मी आहे. उंचावर जाल तेव्हा, आधी कितीदा गेला असलात तरी, तुम्ही जरा पडून राहा. मला उठायला वेळ लागतो.