पाठीवरचा निळा स्टिकर

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. मित्रांनो, मला समोरून पाहाल तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझी काच लख्ख आहे, पोलादी पट्ट्याच्या कड्या अजून करकरीत आहेत. माझे वय माझ्या पाठीवर आहे. मला उलटे केले की तिथे एक तपकिरी गोल डाग दिसतो, आणि त्या डागात टाचणीने टोचावे तसे बारीक खड्डे. तो डाग कसा पडला आणि त्यापायी एका घरात किती गैरसमज साचला, ते सांगतो.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका थंड डोंगरगावात झाला. माझ्या कारखान्याचे नाव फार मोठे आहे, म्हणून ते सांगायचे टाळतो. ते ऐकले की लोक माझ्याकडे पाहायचे सोडून नावाकडेच पाहतात. तिथे शेवटच्या टेबलावर एका बाईंनी मला मऊ कापडाने पुसले आणि पाठीवर एक निळा, गोल, पातळ स्टिकर दाबून बसवला. त्यावर सोनेरी अक्षरांत माझा क्रमांक होता. प्रवासात चरा पडू नये, एवढेच त्याचे काम. गिऱ्हाइकाने मला मनगटावर बांधले की त्याची सुटका व्हायची होती. तसे त्यालाही वाटत होते आणि मलाही.

मी हाँगकाँगला आलो. क्वीन्स रोडवरच्या दुकानाच्या काचेत बसलो. एका दुपारी क्वान यिउ-चो नावाचे गृहस्थ आत आले. केस वाफेने ओले, बोटे सुजल्यासारखी गुबगुबीत. दुकानदाराने त्यांना आधी स्वस्तातली घड्याळे दाखवली. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवले.

क्वान एका जुन्या चहाघरात उकडीच्या पदार्थांचे सिफू होते. सिफू म्हणजे हातात कला असलेला उस्ताद. झिंगे भरलेले हार-गाव ते करत. तुमच्या उकडीच्या मोदकाचे धाकटे भावंडच म्हणा, फक्त पारी इतकी पातळ की आतला गुलाबी झिंगा दिसावा. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात ते आणि मुलगी पुई-यी, एवढीच दोघे. त्या आठवड्यात मालकाने त्यांना मुख्य सिफू केले होते, आणि आयुष्यात एकदा तरी आपल्यापाशी कोरडी, चकचकीत अशी एखादी वस्तू असावी असे त्यांना वाटले. हे ते दुकानदाराला बोलले नाहीत. घरी आल्यावर पुईला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

पण त्यांनी मला घातले मात्र नाही. माझ्यात पाणी शिरत नाही, असे दुकानदाराने पुन्हा पुन्हा बजावले होते. क्वान सिफूंना ते पटले नाही. पाण्याचे ठीक आहे, वाफेचे काय, वाफ तर माझ्या हाडांत शिरली आहे, असे ते पुईला म्हणाले. निवृत्त झाल्यावर घालीन म्हणून त्यांनी मला कपाटाच्या खणात मोज्यांवर ठेवले. स्टिकर तसाच राहिला.

मला चावी द्यावी लागत नाही. मनगट हलले की माझ्या आतले चाक फिरते आणि मी चालू लागतो. मनगटच नसेल तर मी झोपतो. तो खण मात्र अडकणारा होता. मोजे काढायला कोणी हिसका दिला की मला थोडा वेळ जाग यायची. मित्रांनो, कित्येक वर्षे मी अशा हिसक्यांवर काढली.

एका नव्या वर्षाच्या जेवणाला क्वान सिफूंची थोरली बहीण, साउ-हा, आली होती. पुई तेव्हा सत्ताविशीत होती आणि नुकतीच ट्राम चालवायच्या नोकरीत लागली होती. हाँगकाँगात लग्न झालेली माणसे बिनलग्नाच्यांना सणाला लाल पाकिटात पैसे देतात. आत्याने पाकीट पुढे केले आणि ती म्हणाली, की बाई, तुझे केस पिकले तरी मला हे पाकीट देत बसावे लागणार बहुतेक. मग ताटातला मासा संपेपर्यंत तिने तीन मुलांची स्थळे सुचवली. पुई मान खाली घालून भात चिवडत राहिली.

क्वान सिफू उठले, खण ओढला, आणि मला जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. ते म्हणाले, "ताई, हे बघ. घड्याळ घेऊन ठेवलंय. हिच्या लग्नाच्या दिवशी हा स्टिकर मी माझ्या हातानं काढीन आणि घालीन. तोवर विषय बंद."

विषय बंद झाला नाही. उलट आत्याला एक नवा शब्द सापडला. दर वर्षी दारातून आत येतानाच ती विचारी, "काय, स्टिकर निघाला का?" शेजारी हसत, चुलत भावंडे हसत. पुईही हसे. पण नंतर मोजे ठेवायला ती खण उघडी, तेव्हा मला एका कोपऱ्यात ढकलून माझ्यावर रुमालांची चळत ठेवी.

क्वान सिफू निवृत्त झाले, त्या सकाळची गोष्ट मला स्पष्ट आठवते. त्यांनी मला बाहेर काढले, खिडकीपाशी नेले, उलटे केले आणि स्टिकरच्या कडेला नख लावले. बाहेरच्या खोलीत पुई कामावर निघाली होती. बुटाची नाडी बांधता बांधता काहीतरी गुणगुणत होती. क्वान सिफूंचे नख तिथेच थांबले. मग त्यांनी मला परत खणात ठेवले. का, ते मला तेव्हा कळले नाही. मला वाईट मात्र वाटले.

इकडे माझ्या पाठीवर वेगळेच चालले होते. हाँगकाँगच्या वसंतात भिंतींना घाम फुटतो, कपड्यांना बुरशी येते. ती ओल स्टिकरच्या कडेने आत शिरली. त्याचा गोंद आंबला, कडक झाला, आणि माझे पोलाद कुरतडू लागला. बिचाऱ्याचा दोष काही नव्हता. त्याला थोड्या दिवसांसाठी बसवले होते आणि उठवायला कोणी आलेच नाही.

मग क्वान सिफूंच्या नजरेच्या मधोमध एक काळा ठिपका आला. तो वाढत जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेकडेचे दिसेल, समोरचे नाही. मोजे शोधता शोधता एके दिवशी त्यांच्या हाती मी लागलो. चहाची किटली घेऊन पुई आत आली. ती आता पन्नाशीची झाली होती. तिने मला पाहिले आणि सहज बोलल्यासारखे विचारले, की बाबा, हे विकून टाकायचे का. ते म्हणाले, विकू. तिला गरज असेल, असे त्यांना वाटले. यांना हे नजरेसमोर नको असेल, असे तिला वाटले. दोघांनी एकमेकांना काहीच विचारले नाही. वानचायपर्यंत ट्रामच्या वरच्या मजल्यावर दोघे शेजारी बसले होते आणि खिडकीबाहेर पाहत होते.

वानचायला एका जिन्यावर मोक सिफूंचे दुकान होते. ते जुनी घड्याळे दुरुस्तही करत आणि विकत घेतही. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, माझे तोंड पाहिलेच नाही, आधी पाठ पाहिली. त्यांचे डोळे चमकले. जुन्या घड्याळांचे शौकीन असा मूळचा स्टिकर असलेला नग शोधत फिरतात; तो न वापरल्याचा पुरावा समजला जातो. पण मला दिव्याखाली तिरके धरल्यावर मोक सिफूंनी दिवा आणखी जवळ ओढला. निळ्या कडेखालून तपकिरी रेघ दिसत होती.

"क्वान सिफू," ते म्हणाले, "स्टिकर असाच ठेवला तर उद्या गिऱ्हाईक उभं करतो, आणि तो जास्तच देईल. काढला तर निम्मे लोक पाठ फिरवतील. पण याचा गोंद खाली पोलाद खातोय. माझं भलं ठेवण्यात आहे, घड्याळाचं काढण्यात. आता कोणाचं ऐकायचं ते तुम्ही बघा." मग भिंग काढून त्यांनी विचारले, "पण काय हो, इतकी वर्षं घातलं का नाही?"

उत्तर पुईने दिले. "माझ्या लग्नात घालायचं होतं. नवरदेवाची ट्राम चुकली बहुतेक."

मोक सिफू हसले. क्वान सिफू हसले नाहीत. त्यांनी मान तिरपी केली, कारण सरळ पाहिले तर तिचा चेहरा त्यांना दिसला नसता.

"हे तुझ्या मनात होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, बाबा. आत्यासमोर."

"तिचं तोंड बंद करायला म्हणालो मी. ती तुला दोन घास सुखानं खाऊ देत नव्हती. म्हटलं, सगळा दोष घड्याळावर ढकलावा."

"मग झालं का बंद?"

"तिचं तोंड?" ते म्हणाले. "तिचं कशानं होणार?"

मोक सिफू उगाचच एक खण उघडून त्यातले स्क्रू चाळू लागले. पुई गल्ल्यावर हात टेकून उभी होती. ती सावकाश बोलू लागली. "तुम्ही रिटायर झालात तेव्हा मला वाटलं, आता तरी काढतील. नाही काढलात. तेव्हापासून तो खण उघडला की मला वाटायचं, हा स्टिकर मला विचारतोय, अजून नाही का, अजून नाही का. तुम्ही तोंडानं कधी बोलला नाहीत. तो बोलायचा."

"काढायला घेतला होता मी," क्वान सिफू म्हणाले. "तू बाहेर बूट बांधत होतीस. मनात आलं, काढला तर हिला वाटेल, बापानं आपली आशा सोडली. म्हणून ठेवला."

पुई म्हणाली, "पण मी आशा धरून बसलेय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला ट्राम चालवायची होती, बाबा. मी चालवतेय."

मित्रांनो, त्या लहानशा दुकानात भिंतीभर घड्याळे टिकटिकत होती. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला, कारण मी जागा होतो, पण माझे काटे थांबलेले होते.

क्वान सिफूंनी मला गल्ल्यावरून चाचपून उचलले. मोक सिफूंना ते म्हणाले, "विकायचं नाही. काढा हा." आणि लगेच म्हणाले, "नाही, थांबा. मीच काढतो."

मोक सिफूंनी आधी केस वाळवायच्या यंत्राने माझी पाठ हलकीशी गरम केली. घाई केली तर फाटेल, पात्याने खरवडले तर पोलादावर रेघा येतील, असे ते समजावत होते. क्वान सिफू ऐकत होते की नाही, कोणास ठाऊक. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दिसत नव्हतेच, तर उघडे ठेवून काय करायचे? आयुष्यभर ओल्या, पातळ पाऱ्या न फाडता उचलणारी ती बोटे. नखाने कड सुटली, अंगठ्याने ती मागे वळत गेली, मध्ये अडली की ते थांबत आणि मोक सिफू पुन्हा ऊब देत. एक जागा फार चिकट होती. तिथे स्टिकर फाटला आणि दोन तुकड्यांत निघाला. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीला हवा लागली. मला फार उघडे उघडे वाटले, आणि त्या दोन निळ्या तुकड्यांची कीवही आली. राहिलेला गोंद मोक सिफूंनी तेलाच्या बोळ्याने विरघळवला.

गोंद गेला. डाग गेला नाही.

घासून तो कमी करता येईल, पण पोलाद झिजेल, असे मोक सिफूंनी सांगितले. क्वान सिफूंनी डागावरून बोट फिरवले आणि पुईला विचारले, केवढा दिसतो. ती म्हणाली, डॉलरच्या नाण्याएवढा, आणि रंग जुन्या चहासारखा.

"राहू दे मग," ते म्हणाले. "ती बाजू मनगटाकडे असते. मला एकट्यालाच लागेल."

आठवडाभर मी मोक सिफूंकडे राहिलो. आतले वाळलेले तेल त्यांनी धुऊन काढले, नवे घातले. मग पुई मला घेऊन गेली आणि घरी तिने मला बाबांच्या मनगटावर बांधले. पट्टा सैल झाला, कारण ते आता बारीक झाले होते. एक कडी काढावी लागली.

आता मी रोज चालतो. जेवणाच्या टेबलाला आपटतो, पिशवीच्या बंदात अडकतो. समोरचे काटे क्वान सिफूंना दिसत नाहीत. सायिंगपुनला ट्रामच्या रस्त्यालगत एक लहानशी बाग आहे. दुपारी ते तिथे बाकावर बसतात. शेजारी कोणी टेकले की मनगट पुढे करतात आणि विचारतात, जरा बघता का, किती वाजले. शाळेची पोरे सांगतात, भाजीवाली सांगते, पहारेकरी सांगतो. हातात घड्याळ असून हा माणूस वेळ विचारतो, याचे पहिल्यांदा सगळ्यांना नवल वाटते, मग ते त्यांच्याशी बोलत बसतात. पुई कामावर असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळी तिची ट्राम तिथून जाते. वेळ झाली असे कोणी सांगितले की क्वान सिफू उठून कठड्यापाशी उभे राहतात. ती दोनदा घंटी वाजवते.

एकदा आत्या शेजारी बसली होती. तिने मला मनगटावर पाहिले आणि विचारले, कोणाचे जमले. ते म्हणाले, कोणाचे नाही, मला वेळ बघायची असते. तुला दिसते कुठे, असे ती बोलून गेली आणि मग ओशाळली. त्यांनी मनगट तिच्यापुढे केले. तिने चष्मा लावला आणि वेळ सांगितली.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी असे राखून ठेवलेले असेल. नव्या कपाटावरचे प्लॅस्टिक असेल, पाहुण्यांसाठीच्या कपबश्या असतील, कोणासाठी तरी घडी न मोडता ठेवलेले लुगडे असेल. माझी एवढीच विनंती आहे. त्या वस्तूचा गोंद मऊ आहे तोवर ती उघडा. हलक्या हाताने उघडा, पात्याने खरवडू नका. आणि ती कोणासाठी राखली असेल, तर त्या माणसाला जवळ बसवून एकदा विचारा, की बाबा रे, तुला हे हवे आहे का. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येते.