ओरडण्यासाठी घडवलेली पत्ती

मी एक जुनी पोलादी पत्ती आहे. आज सोमवारी, दुपारच्या वेळी, उताराच्या पायथ्याशी असलेल्या गॅरेजच्या मागील बाजूस, भंगाराच्या डब्यात पडून मी हे निवेदन करीत आहे. माझ्या खाली एक गळका तेलफिल्टर आहे आणि अंगावर कोणीतरी चहाचा उष्टा कागदी पेला टाकला आहे. मला दोहोंची किळस येते. तथापि, मित्रांनो, ज्या किळसेविषयी मला बोलायचे आहे ती याहून फार मोठी आहे.

मोटारीच्या चाकाआड एक लोखंडी चकती फिरत असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थांबवणारे जे जाड तुकडे असतात, त्यांना ब्रेक पॅड म्हणतात. कारखान्यात मला कापले, टोकाशी वाकवले आणि अशाच एका पॅडच्या पाठीवर ठोकून बसवले. पॅड झिजत झिजत पातळ झाला की माझे टोक चकतीला टेकते आणि मी किंचाळते. एवढेच माझे काम. यावर कोणी विचारील, ओरडणे हे काय काम झाले? मी उलट विचारते, दूध उतू जात असताना आतून हाक मारणाऱ्याला दूध सांडल्याचा दोष कोणी देतो काय?

कित्येक वर्षे मी गप्प राहिले. "काय गुपचूप चालते हो तुमची गाडी!" असे शेजारी म्हणत आणि मालक बॉनेटवर हात फिरवीत. चाकाआड काळी भुकटी साचे, पावसात तिचा चिखल होई. गल्लीतला एक कुत्रा रोज नेमाने याच चाकाशी पाय वर करी. तेही मी सोसले.

मग एके दिवशी माझे टोक चकतीला टेकले. मी किंचाळले. मालकांनी रेडिओ मोठा केला.

मालकीणबाईंना मात्र तो आवाज स्वस्थ बसू देईना. त्यांच्या लेकीला पायथ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली होती आणि सोमवारपासून ती एकटी गाडी घेऊन हा उतार उतरणार होती. शेवटच्या वळणावर शाळेचे फाटक होते. "ती गाडी घेऊन निघायच्या आत हा आवाज कसला ते मला कळलंच पाहिजे," असे त्यांनी बजावले. शनिवारी त्या स्वतः रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मालकांना त्यांनी गाडी हळूहळू पुढून न्यायला लावली.

"पुढचं डावं चाक," त्या म्हणाल्या.

"तू डावीकडे उभी आहेस, म्हणून तुला डावं वाटतंय."

"बरं, मग मी पलीकडे जाते. पुन्हा या."

मालक कुरकुरत पुन्हा आले.

"अजूनही डावंच. आणि ब्रेक दाबलात की आवाज थांबतो. ब्रेकचंच काहीतरी आहे. सोमवारी आधी गॅरेज, मग नोकरी."

मित्रांनो, जन्मात प्रथमच मला कोणीतरी नीट ऐकले होते.

परंतु रविवारी मालकांचे धाकटे बंधू आले. या गृहस्थांनी पूर्वी कधीतरी दाराची करकरणारी बिजागरी तेल घालून शांत केली होती. तेव्हापासून घरात काहीही वाजले की भावोजींची तेलाची बुधली निघे. पंखा, शिवणयंत्र, मालकीणबाईंच्या सासूबाईंची झुलती खुर्ची, सर्वांना त्यांनी तेल पाजले होते.

"वहिनी, बेअरिंग कोरडं पडलंय. गॅरेजवाला उगाच सगळं खोलून बसेल."

"भावोजी, ब्रेक आहे तो. बिजागरी नव्हे."

"अहो, लोखंडाला काय कळतंय ते दारात आहे की गाडीत?"

मालकीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बुधलीची लांब चोच चाकाच्या फटीतून माझ्यावर आली. ते तेल शिळे होते, त्याला कुबट वास होता. ते पॅडमध्ये मुरले, चकतीवर पसरले, भुकटीत कालवले जाऊन त्याचा काळा राडा झाला. माझा गळा त्या राड्याने बुजला. गल्लीतून एक फेरी मारून मालक उद्गारले, "वा! गेला की आवाज!" भावोजींनी बोटे माझ्याच टायरला पुसली.

"कशामुळे गेला?" सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी विचारले. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिले.

"गेला ना? मग झालं तर! पहिल्याच दिवशी पोरीला उशीर कशाला?" मालक म्हणाले.

बाईंचे समाधान झाले नाही. त्या लेकीच्या शेजारी जाऊन बसल्या.

शेवटच्या वळणावर लेकीने ब्रेक दाबला. उजव्या चाकाच्या पॅडने आपली चकती धरली, आमच्या डाव्या पॅडमधून मात्र चकती निसटली, आणि गाडी उजवीकडे, थेट फाटकाच्या दिशेने ओढली जाऊ लागली. फाटकात मुले होती. मी ओरडू पाहत होते आणि माझ्या तोंडात तेल होते.

"गिअर उतरव! घाबरू नकोस, गिअर!" असे म्हणत बाईंनी हँडब्रेक खेचला. गाडी भिंतीला घासत, पत्रा सोलून घेत, फाटकाच्या अलीकडे थांबली.

"आई, मी दाबला होता गं. खरंच दाबला होता."

"माहितेय मला. तू नीटच दाबलास."

गॅरेजात चाक उतरवले तेव्हा मेकॅनिकने नाक मुरडून मला फडक्यात धरले. "पॅडवर तेल? कुणाचा हा उद्योग?" निरोप मिळताच धावत आलेले मालक बुटांकडे पाहू लागले. भावोजी मागोमाग आलेच होते. ते म्हणाले, "पण आवाज तर बंद झाला होता ना?"

कुत्रा, चिखल, हा उष्टा पेला, कशाचीही मला या वाक्याइतकी शिसारी आली नाही. म्हणून, मित्रांनो, एवढीच विनवणी करते. तुमच्या घरातील एखादी वस्तू कुरकुरू लागली, तर आधी तिच्याजवळ बसा आणि ती काय सांगते ते ऐका. तिला गप्प करण्याची घाई करू नका.

माझ्या जागी आता नवी पत्ती बसली आहे. मेकॅनिकने चाक आवळले तेव्हा भावोजी वाकून आत डोकावू लागले. मालकीणबाईंनी आवाज न चढवता सांगितले, "भावोजी, यापुढे आमच्या गाडीला हात लावायचा नाही."