आखूड खिळा

विटांची लाल भुकटी केसांत, भुवयांत आणि नखांत कायमची बसल्यामुळे सगळे तिला विटाबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखी होतं. अठरा वर्षं तिने सासऱ्यांच्या हाताखाली क्लबच्या, हीच भुकटी अंथरलेल्या मातीच्या टेनिस कोर्टांवर पाणी मारलं, माती सारखी करायची जाळी ओढली, रोलर फिरवला. यंदा सासऱ्यांचे गुडघे गेले आणि कोर्टांच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या, पण फक्त या मोठ्या स्पर्धेपुरत्या. "स्पर्धा नीट पार पडली तर कायम करू," असं क्लबचे सेक्रेटरी म्हणाले होते. 'नीट'वर त्यांनी एवढा जोर दिला, की जणू कोर्टं वाकडी करायची ही बायकांची जुनी खोडच असावी.

आठवडाभर सगळं नीटच चाललं होतं. पुरुषांचे सामने झाले, बायकांचे झाले, आणि चेंडूची उसळी सगळीकडे सारखी राहिली. हरल्यावर वाऱ्यालाही शिव्या घालणाऱ्या खेळाडूंना मातीत खोट काढता आली नाही. विटाबाई वरून काही दाखवत नव्हती, पण आतून फुलली होती.

एकच गोष्ट झाली होती, आणि ती तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. मातीच्या कोर्टावर पांढऱ्या रेषा रंगवत नाहीत. तिथे पट्ट्या अंथरतात आणि त्या खिळ्यांनी जमिनीत घट्ट ठोकतात. बुधवारी दोन सामन्यांच्या मध्ये मुख्य कोर्टाच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी सैल झालेली तिला दिसली. लांब खिळ्यांचा डबा पार शेडमध्ये, आणि अंपायर खुर्चीतून घड्याळ दाखवतोय. खिशात जाहिरातीचे फलक ठोकायचे आखूड खिळे होते. त्यातलाच एक तिने ठोकून दिला. आत्ता वेळ मारून नेऊ, संध्याकाळी बदलू. संध्याकाळी पाण्याचा पाइप फुटला आणि खिळा डोक्यातून गेला तो गेलाच. तात्पुरतं केलेलं काम जन्माला पुरतं, असं सासरे नेहमी म्हणायचे. तीही नेहमी मान डोलवायची.

शनिवारी बायकांची फायनल होती. एका बाजूला डावखुरी, इथलीच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली पोर. दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली एक ताडमाड मुलगी. तिसऱ्या सेटमध्ये डावखुरी पाच-चारने पुढे आली, मग चाळीस-तीस. आता एक पॉइंट, की करंडक घरात. लोक श्वास धरून बसले होते.

विटाबाई कोर्टाच्या कडेला झाडू घेऊन बाकावर बसली होती. दुपारच्या वाऱ्याने वरची भुकटी उडवून नेली होती. डाव्या कोपऱ्यात पट्टी जराशी उचललेली होती, आणि तिच्या कडेला काहीतरी चमकलं. विटाबाई बाकावरून पुढे झुकली. खिळा बोटाच्या पेराएवढा वर आला होता.

तिने अंपायरला हात केला. अंपायर डावखुरीकडे बघत होता. डावखुरी चेंडू आपटत त्याच कोपऱ्याकडे सरकली. डाव्या हाताची सर्व्हिस लांब वळवायची तर ती तिथूनच करणार, आणि सर्व्हिस करून तिचा उजवा पाय पुढे पडणार तो नेमका त्या पट्टीवर.

एक सर्व्हिस, विटाबाईचं मन म्हणालं. एवढी एक होऊ दे. टाळ्या पडतील, लोक उठतील, मग तू गुपचूप पक्कड घेऊन जा. कुणाला कळणारही नाही. पाय दोन बोटं इकडे पडला की झालं. खेळ चालू असताना कोर्टावर पाऊल टाकायचं नाही हा इथला पहिला नियम, आणि आत गेल्यावर दाखवायचं काय, तर स्वतःचीच चूक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डावखुरीने चेंडू वर फेकला, आणि विटाबाई उठून सरळ कोर्टात शिरली.

"थांब," ती ओरडली. "पाय टाकू नको."

चेंडू खाली पडला. अंपायरने खेळ थांबवला. आधी कुणालाच काही उमगेना, मग अख्ख्या स्टेडियममधून अशी हुर्यो उठली की विटाबाईचे कान लाल झाले, मातीच्या वरताण. ती गुडघ्यांवर बसली. खिळा दोन बोटांनी अलगद निघाला, पक्कड लागलीच नाही. शेडमधून लांब खिळे आणून तिने तीन ठोकले, पट्टीवर हात फिरवला, उभी राहून तिच्यावर टाच घासून बघितली. आठ मिनिटं गेली. लोक शिट्ट्या मारत होते. तिने पुन्हा एकदा टाच घासली आणि मगच ती बाहेर आली.

डावखुरीचा हात तोवर थंड पडला होता. पॉइंट पुन्हा खेळला तो गेला, मागोमाग गेम गेला, आणि सात-पाचने सामनाही गेला. करंडक ताडमाड मुलीने उचलला. विटाबाईने तेवढ्या वेळात जाळी ओढून कोर्ट सारखं केलं, कारण रविवारी पुरुषांची फायनल होती. वर कुणाकडे बघायची तिची छाती नव्हती.

सेक्रेटरी शेडमध्ये आले तेव्हा सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"तो खिळा कुणी मारला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी," सासरे म्हणाले. "हल्ली नजर चालत नाही, साहेब. लांब-आखूड कळत नाही."

"मामा, तुम्ही बुधवारी घरी झोपून होता," विटाबाई म्हणाली. "साहेब, मी मारला. आखूड आहे हे बघून मारला. संध्याकाळी बदलायचा विसरले."

"आणि मॅच पॉइंटलाच आठवला?"

"दिसला तेव्हा आठवला."

"पोरीचा करंडक घालवलास. लोक माझ्या नावाने शंख करतायत." सेक्रेटरींनी हात पुढे केला. "किल्ल्या दे."

विटाबाईने कमरेचा जुडगा सोडायला घेतला. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. तेवढ्यात डावखुरी आत आली. डोळे सुजलेले, एका पायात बूट, दुसरा हातात. सेक्रेटरी तिचं सांत्वन करायला वळले, तर तिने बूटच त्यांच्या पुढे केलेल्या हातावर ठेवला.

"मी हिच्याशी भांडायला निघाले होते," ती म्हणाली. "म्हटलं, बूट बदलते आणि जाते."

उजव्या बुटाचा तळ टाचेपासून मधोमध फाटला होता, सुरीने चिरावा तसा सरळ. कधीतरी धावताना तिचा पाय खिळ्याला ओझरता घासून गेला होता आणि तिला पत्ताही लागला नव्हता. सेक्रेटरींनी फटीत बोट घातलं. ते आरपार आतल्या मोज्यापर्यंत गेलं. त्यांनी बोट काढून घेतलं आणि बूट दोन्ही हातांनी धरला.

"एक सर्व्हिस अजून केली असती तर..." डावखुरी म्हणाली. ती सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

विटाबाईने एव्हाना गाठ सोडवली होती. तिने किल्ल्या पुढे धरल्या. सेक्रेटरींचे दोन्ही हात बुटात अडकले होते, आणि ते काही मोकळे करत नव्हते.

"उद्या फायनल अकराला," ते शेवटी म्हणाले. "तू किती वाजता येणार?"

"चारला."

"एवढ्या लवकर?"

"एकूण एक खिळा उपटून बघणार आहे," विटाबाई म्हणाली आणि लांब खिळ्यांचा डबा मोजायला घेतला.